राज्य करणाऱ्याला कारण विचारणे : राजकीय तत्त्वज्ञानाचे स्वरूप आणि वाटचाल

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : ‘नोट्समध्ये राजकीय तत्त्वज्ञान म्हणजे आदर्शात्मक, चिकित्सक आणि शाश्वत प्रश्नांचा अभ्यास असे लिहिलेले असते. मग प्लेटोपासून रॉल्सपर्यंत नावांची रांग लागते. विषय नेमका काय आहे, हे यातून कळत नाही. तो राज्यशास्त्राहून वेगळा कसा? त्याचा विकास झाला म्हणजे काय झाले? आणि आपल्याकडच्या लोकांचा त्यात काही वाटा आहे का?’

पदव्युत्तर वर्गांना हा विषय शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. नोट्समधली ती विशेषणे चुकीची नाहीत, पण त्यांतून विषयाचा जीव हाती लागत नाही. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून एका प्रश्नापासून सुरुवात करतो.

महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिर शरपंजरी पडलेल्या भीष्मांना विचारतो : राजालाही इतरांसारखेच हात, तशीच मान, तसेच पोट. सुखदुःख तेच, जन्ममरण तेच. मग इतक्या शूर आणि बुद्धिमान माणसांवर हा एकटा सत्ता कशी चालवतो? पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रश्न शांतिपर्वाच्या ५९ व्या अध्यायात सापडेल. विचारणारा स्वतः राजा आहे, नुकतेच युद्ध जिंकलेला आहे, आणि तरी त्याला आपल्या सत्तेचे कारण हवे आहे. राजकीय तत्त्वज्ञान इथे सुरू होते असे मी मानतो. सत्ता कोणाकडे आहे, ती कशी मिळाली, किती टिकली, हे इतिहास आणि राज्यशास्त्र सांगते. ‘ही सत्ता मी का मानावी?’ असे विचारायचे आणि मिळालेले कारण बुद्धीला पटते का हे तपासायचे, हे काम राजकीय तत्त्वज्ञानाचे.

राज्यशास्त्रापासूनचा फरक एका उदाहरणाने सांगतो. एखाद्या मतदारसंघात लोकांनी अमुक पक्षाला का मते दिली, हे पाहणी करून कळते. पण निवडणूक हरलेल्या अल्पसंख्येने बहुसंख्येचा निर्णय स्वतःवर बंधनकारक का मानावा, हे कितीही पाहण्या केल्या तरी कळणार नाही. तिथे कारणेच द्यावी लागतात. विचारप्रणालीचे वेगळे असते. तिच्याकडे उत्तर आधीच तयार असते आणि तिला माणसे जोडायची असतात. राजकीय विचार ही संज्ञा सर्वांत सैल. तिच्यात भाषणे, अग्रलेख, राजनीतीचे ग्रंथ, सगळे बसते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र हा राजकीय विचाराचा अस्सल मराठी नमुना आहे. किल्ले कसे राखावेत, वतनदारांना कसे आवरावे, आरमार कसे असावे याची त्यात बारीक जाण आहे. पण सत्ता मानावी का, हा प्रश्न तिथे उठत नाही. आरमारासाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, या प्रसिद्ध वाक्यापाशी मात्र मी दरवेळी थांबतो. राज्याच्या गरजेसमोर रयतेची बाजू तिथे क्षणभर कारण म्हणून उभी राहते.

आता विकासाबद्दल. विज्ञानात जुना सिद्धांत मागे पडतो आणि नवा येतो, तसे इथे होत नाही. प्लेटो अजून मागे पडलेला नाही. मग बदलले काय? माझे उत्तर असे की, कारण विचारण्याचा हक्क कोणाला आहे, हे बदलत गेले. दर टप्प्यावर विचारणाऱ्यांचा घेर वाढला, आणि नवा माणूस आत आला की आधीची कारणे अपुरी ठरली. अभ्यासक्रमातली नावे या एका धाग्याने ओवून पाहा.

अथेन्समध्ये इ.स.पू. ३९९ साली सॉक्रेटिसला मृत्युदंड झाला. प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादात त्याचा मित्र क्रिटो तुरुंगात येतो. पळून जाण्याची तजवीज झालेली असते. सॉक्रेटिस नकार देतो, आणि अथेन्सचे कायदे जणू माणसासारखे समोर उभे राहून त्याच्याशी बोलत आहेत अशी कल्पना करतो. कायदे म्हणतात : आम्ही तुला जन्म, पालनपोषण, शिक्षण दिले. आम्ही पटत नसतो तर सगळी चीजवस्तू घेऊन तू केव्हाही निघून जाऊ शकला असतास. सत्तर वर्षे तू गेला नाहीस. म्हणजे तू आम्हाला संमती दिलीस. आता एक तर आमचे मन वळव, नाही तर आज्ञा पाळ.

राहिलास म्हणजे मान्य केलेस, हा युक्तिवाद लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटतो. पण प्लेटोच्याच ‘अपॉलॉजी’त हाच सॉक्रेटिस खटल्यात न्यायाधीशांना सांगतो की, तत्त्वचर्चा सोडण्याच्या अटीवर तुम्ही मला सोडणार असाल तर मी तुमचे न ऐकता देवाचे ऐकेन. ‘तीस जुलमी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या राजवटीने सलामिसच्या लिऑनला पकडून आणायचा हुकूम दिला तेव्हा आपण तो न पाळता सरळ घरी गेलो, हेही तो तिथे सांगतो. मग आज्ञा पाळावी की मोडावी? या दोन सॉक्रेटिसांचा मेळ कसा घालायचा, यावर आजही वाद चालतो. सविनय कायदेभंगाची सगळी चर्चा या दोन छोट्या संवादांच्या मधल्या जागेत बसते असे म्हटले तरी चालेल.

त्या राजवटीने, म्हणजे इ.स.पू. ४०४ मध्ये सत्तेवर आलेल्या तीस जणांनी, प्लेटोच्या तरुणपणावर खोल ठसा उमटवला. त्यांचा म्होरक्या क्रिटियस हा त्याच्या आईच्या नात्यातला. आता प्लेटोच्या सर्वांत प्रसिद्ध संवादाचे, ‘रिपब्लिक’चे, स्थळ पाहा. न्याय म्हणजे काय, ही चर्चा पिरेअस बंदरावर केफॅलसच्या कुटुंबाच्या घरी होते. हे कुटुंब अथेन्समध्ये राहणाऱ्या परक्यांपैकी. पैसा होता, मताचा अधिकार नव्हता. केफॅलसचा मुलगा पोलेमार्कस संवादात न्यायाची बाजू मांडतो, आणि त्याला तीस जणांनी मालमत्तेसाठी खटल्याविना मारले हे अथेन्सच्या वाचकाला ठाऊक होते. हे माहीत नसताना ते पुस्तक आदर्श राज्याची कोरडी योजना वाटते. माहीत झाले की त्यात भीती आणि संताप दिसू लागतो. लोकशाहीने माझ्या गुरूला मारले, माझ्याच नातलगांच्या अल्पजनसत्तेने पोलेमार्कसला मारले, मग राज्य कोणाच्या हाती द्यावे? ज्ञानी माणसाच्या हाती, हे प्लेटोचे उत्तर. ते मला पटत नाही, पण ते कुठून आले ते समजते.

ॲरिस्टॉटलचे प्रकरण आणखी बोलके आहे. न्यायदानात आणि पदांमध्ये ज्याला वाटा आहे तो नागरिक, अशी त्याची व्याख्या. स्वतः तो स्टॅगिराचा, अथेन्समध्ये परका. त्याच्याच व्याख्येने तो ज्या शहरात शिकवत होता तिथला नागरिक नव्हता. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांची माहिती गोळा केली असे परंपरा सांगते. त्यांतली अथेन्सची तेवढी इजिप्तमध्ये पपायरसवर सापडली आणि १८९१ मध्ये छापली गेली. इतका सावध निरीक्षक काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे लिहितो. ‘तो त्याच्या काळाचा होता’ असे म्हणून वर्गात यावर पांघरूण घातले जाते, ते योग्य नाही. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असे काही जण म्हणतात, ही नोंद त्यानेच केली आहे. म्हणजे आक्षेप त्याच काळात हजर होता. त्याने तो ऐकला आणि अमान्य केला. गुलामाला कारण विचारण्याचा हक्क नव्हता, म्हणून गुलामगिरीच्या बाजूने दिलेले ते लंगडे कारण शतकानुशतके खपून गेले.

आपल्याकडे काय चालले होते? युधिष्ठिराला भीष्म सांगतात की, कृतयुगात ना राज्य होते, ना राजा, ना दंड. लोक धर्मानेच एकमेकांना सांभाळत. मग मोह आला, लोभ आला आणि राजा आवश्यक झाला. याच कथेत वेन राजाला त्याच्या अधर्मासाठी ऋषी ठार करतात आणि त्यानंतर पृथू येतो. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञ सुत्तात बुद्ध दुसरी कथा सांगतात. भाताची वाटणी झाली, चोरी सुरू झाली, तेव्हा लोकांनी एकत्र येऊन आपल्यातलाच एक योग्य माणूस निवडला आणि राखणीच्या मोबदल्यात त्याला भाताचा हिस्सा देण्याचे ठरवले. तो महासम्मत. ही कथा वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या दोघांना सांगितली आहे. निमित्त आहे ते आपण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो या दाव्याचे. सत्तेचे मूळ लोकांच्या संमतीत दाखवायचे आणि जन्मश्रेष्ठत्वाचा आधार काढून घ्यायचा, अशी दोन कामे ही एक कथा करते.

कौटिल्याकडे ही कथा आली की तिचे रूपच पालटते. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात गुप्तहेरांना सूचना आहे : तीर्थक्षेत्री, सभांत, गर्दीत दोघांनी खोटा वाद घालावा. एकाने म्हणावे, राजा गुणी म्हणतात, पण कर किती घेतो! दुसऱ्याने उत्तर द्यावे की, मोठा मासा लहान माशाला गिळतो अशा मात्स्यन्यायाने गांजलेल्या लोकांनीच मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा व मालाचा दहावा हिस्सा ठरवून दिला. संमतीचा सिद्धांत इथे हेराच्या तोंडी घातलेला आहे, प्रजेचे मन ताब्यात ठेवण्यासाठी. या ग्रंथाचे हस्तलिखित विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूरला उजेडात आले आणि शामाशास्त्रींनी १९०९ मध्ये ते छापले. त्याची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केला. जगभरचे अभ्यासक आजही कंगल्यांचे काम हाताशी ठेवतात. विद्यार्थ्यांनी कौटिल्याची फक्त सप्तांगे (राज्याची सात अंगे) पाठ करण्याऐवजी ते हेरांचे प्रकरण वाचावे. कारण विचारायची सोय असलेले राज्य आणि कारणांचा प्रचार करणारे राज्य यांतला फरक तिथे लख्ख दिसतो.

मध्ययुगाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण आपल्या धाग्याला तिथे एकच मोठी गाठ आहे. ४१० मध्ये रोम लुटले गेले, त्यानंतर ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने विचारले की, न्याय काढून टाकला तर राज्य आणि मोठी दरोडेखोर टोळी यांत काय फरक उरतो? सत्तेला तिच्या बाहेरचा मापदंड लावायचा, ही सवय धर्माने दिली. मॅकियाव्हेलीने नेमका तोच मापदंड काढून घेतला. १५१२ मध्ये मेडिची घराणे फ्लॉरेन्सला परतले, त्याची नोकरी गेली, पुढच्या वर्षी तुरुंग आणि छळ वाट्याला आला, आणि त्यानंतर त्याने राजाने सत्ता कशी टिकवावी यावर लिहिले. तो धूर्त सल्लागार होता एवढेच सांगून पुढे जाऊ नका. लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथावरच्या त्याच्या लेखनात तो प्रजासत्ताकाचा कट्टर समर्थक दिसतो.

खरी उलथापालथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये झाली. १६४२ पासून यादवी युद्ध, १६४९ च्या जानेवारीत राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद, आणि १६५१ मध्ये हॉब्जचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ. हॉब्ज निरंकुश सत्तेचा पुरस्कर्ता, हे सगळ्यांना पाठ असते. त्याने सुरुवात कुठून केली, ते मात्र निसटते. तेराव्या प्रकरणात तो म्हणतो की, निसर्गतः माणसे जवळजवळ समान आहेत, कारण सर्वांत दुबळा माणूसही युक्तीने किंवा इतरांशी मिळून सर्वांत बलवानाला मारू शकतो. ही समानता अगदी खडबडीत, थोरपणाचा लवलेश नसलेली. पण तिने ॲरिस्टॉटलचा निसर्गतः गुलाम एका वाक्यात संपवला. आता प्रत्येकाला कारण द्यावे लागते, आणि ते असे : तुझा जीव वाचवायचा तर सार्वभौम सत्ता मान. एकविसाव्या प्रकरणात याची दुसरी बाजू येते. ती सत्ताच जिवावर उठली तर माणूस प्रतिकार करायला मोकळा आहे. राजाचे पाठीराखे या पुस्तकावर चिडले ते उगाच नाही. १६८३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने जाळायला लावलेल्या पुस्तकांत हेही होते. राजाला अमर्याद सत्ता मिळते खरी, पण ती देवाकडून येत नाही, भेदरलेल्या सामान्य माणसाच्या हिशेबातून येते, हे त्यांना सहन होणारे नव्हते.

लॉकने तो हिशेब बदलला. जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी संमतीने सरकार बनते, आणि सरकारने विश्वास मोडला तर लोक ते काढू शकतात. त्याचे दोन प्रबंध १६८९ च्या अखेरीस निनावी छापले गेले, म्हणून ते इंग्लंडमध्ये राजाला हटवणाऱ्या १६८८ च्या क्रांतीचे समर्थन आहे असे पाठ्यपुस्तके अजूनही सांगतात. इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी दाखवून दिले की, त्यांचा बराच भाग क्रांतीच्या काही वर्षे आधी लिहिलेला होता. म्हणजे ती घडून गेलेल्या गोष्टीवरची टीप नव्हती, गळ्याला फास लागण्याचा धोका पत्करून दिलेली हाक होती. पण संमती दिली कोणी? लॉक म्हणतो की, देशाच्या रस्त्यावरून मोकळेपणी प्रवास करणाराही मूक संमती देतच असतो. सॉक्रेटिसच्या कायद्यांचेच हे म्हणणे, फक्त आणखी सैल केलेले. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये त्याची हवा काढून घेतली. ज्याला परकी भाषा येत नाही, जो रोजच्या मजुरीवर जगतो, त्या गरीब शेतकऱ्याला देश सोडून जायचा पर्याय होता असे म्हणायचे का? मग झोपेत जहाजावर उचलून आणलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, म्हणून त्याने कप्तानाला संमती दिली असेही म्हणा! संमतीच्या सिद्धांतावर इतका मर्मभेदी घाव दुसरा नाही.

लॉकचे दुसरे दुखणे अधिक गंभीर आहे. कॅरोलिना वसाहतीच्या १६६९ च्या मूलभूत नियमांच्या कामात तो सचिव म्हणून होता, आणि त्या नियमांनी प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता दिली. म्हणजे सिद्धांत सर्वांचा, पण विचारणाऱ्यांचा घेर गोऱ्या, मालमत्ताधारी पुरुषांपुरता. पुढची दोन शतके हा घेर फोडण्यात गेली. फ्रेंच क्रांतीनंतर तालेरां या फ्रेंच मुत्सद्द्याने शिक्षणाची योजना मांडली आणि मुलींना तिच्यात नावापुरती जागा ठेवली. मेरी वॉल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये आपले पुस्तक त्यालाच अर्पण करून विचारले की, बुद्धी स्त्रीलाही असेल तर न्यायनिवाडा करायला एकट्या पुरुषाला कोणी बसवले? जॉन स्टुअर्ट मिलने स्वातंत्र्यावर आणि स्त्रियांच्या दास्यावर लिहिले. पण तो १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता, आणि स्वातंत्र्याचे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही अशी मेख त्याने १८५९ च्या पुस्तकात मारून ठेवली. पुण्यात आगरकरांनी तोच मिल वाचला आणि ती मेख न जुमानता त्याचे तत्त्व स्वतःच्या समाजाला लावले. मार्क्सने दाखवले की, कामगार कागदावर मोकळा असतो, पण कारखान्याच्या दारात ‘नाही’ म्हणण्याची त्याची ऐपत नसते. ह्यूमचा शेतकरी इथे कामगाराच्या वेशात परत येतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. आपल्याकडच्या लोकांना भारतीय राजकीय विचार या वेगळ्या पेपरात बसवल्याने, ते या वादात सामील नव्हतेच असा समज होतो. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेन वाचला होता असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते निग्रोंची गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुस्तक संवादरूप आहे. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, आणि चर्चा ब्रह्मदेवाच्या मुखापासूनच सुरू होते. अग्गञ्ञ सुत्तात तपासलेला दावा इथे पुन्हा तपासला जातो, आणि या वेळी ज्यांच्यावर सत्ता चालली त्यांच्याच बाजूने. (क्रिटो, शांतिपर्व, अग्गञ्ञ सुत्त, गुलामगिरी आणि संपादक-वाचक संवादात लिहिलेले ‘हिंद स्वराज’, ही सगळी संवादरूप आहेत. या विषयाचा पिंडच प्रश्नोत्तराचा असल्याने मला हा योगायोग वाटत नाही.) १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात पुरुषांना आणि देवालाही जाब विचारला. वॉल्स्टनक्राफ्टच्या शेजारी ठेवून ताराबाई वाचा. ताराबाईंचा सूर जास्त तिखट आहे आणि त्यांच्या प्रश्नांना कुठेच आडपडदा नाही.

गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये संमतीची गोष्ट उलट्या टोकाने धरली : इंग्रजांनी हिंदुस्थान घेतलेला नाही, आपण तो त्यांना दिला आहे. सत्ता आपल्या सहकार्यावर उभी असेल तर सहकार्य काढून घेता येते. असहकाराच्या मागे हा सिद्धांत आहे, आणि तो हॉब्ज-लॉक यांच्या रांगेत शिकवायला हवा.

बाबासाहेब आंबेडकरांनी विचारलेला प्रश्न मात्र सर्वांत कठीण. संमतीची सगळी परंपरा व्यक्ती आणि राज्य यांच्यात बोलते. बाबासाहेबांनी दाखवले की, मधे जात आहे, आणि तिची सत्ता राज्याहून घट्ट आहे. महाडच्या तळ्याचे पाणी कायद्याने खुले होते. १९२७ च्या मार्चमध्ये ते पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि पाणी प्यायल्यावर मारहाण झाली. इथे सरकारला जाब विचारून भागत नाही. शेजाऱ्याला विचारावा लागतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेले १९३६ चे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण मी राजकीय तत्त्वज्ञानाच्या श्रेष्ठ ग्रंथांत धरतो. जातीला शास्त्रांचे पाठबळ आहे, तर शास्त्रांचे प्रामाण्य तपासल्याशिवाय जात जाणार नाही, इतके सरळ तर्कशास्त्र त्यात आहे. कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याकडे ते शिकले त्या जॉन ड्युईंची लोकशाहीची कल्पना, म्हणजे लोकशाही ही निव्वळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे हा विचार, त्यांनी जातीच्या समाजावर लावून पाहिला आणि समाज तिथे नापास झाला. ‘पटत नसेल तर निघून जा’ या सॉक्रेटिसकालीन वाक्यालाही त्यांनी उत्तर दिले. १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. राहिलो म्हणजे मान्य केले असे कोणी समजू नये, म्हणून लाखो लोक त्यांच्याबरोबर निघून आले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगितले की, राजकारणात एक व्यक्ती एक मत आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. रॉल्स-पूर्व काळातली न्यायाची इतकी नेमकी मांडणी मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

पश्चिमेत नेमके याच सुमारास हा विषय संपल्याची द्वाही फिरत होती. मूल्यांबद्दलची विधाने सिद्ध करता येत नाहीत, म्हणून ती निरर्थक, असे एक तत्त्वज्ञान सांगत होते. वर्तनवादी राज्यशास्त्र मोजता येईल तेवढेच मोजत होते. १९५६ मध्ये त्याच लॅस्लेट यांनी लिहिले की, निदान सध्या तरी राजकीय तत्त्वज्ञान मेले आहे. मला ते निदान त्या वेळीही चुकीचे वाटते. हॅना अरेंट १९३३ मध्ये जर्मनीतून पळाल्या आणि १९५१ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळेपर्यंत राज्यविहीन होत्या. त्याच १९५१ मध्ये त्यांनी लिहिले की, माणसाचा पहिला हक्क म्हणजे हक्क असण्याचा हक्क. ज्याला कोणतेच राज्य आपले मानत नाही, त्याने कारण कोणाला विचारायचे? हा प्रश्न मांडला जात असताना विषय मेला असे म्हणणे म्हणजे फक्त आपल्या विद्यापीठाच्या आवारात पाहणे होते.

१९७१ मध्ये जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा ग्रंथ आला आणि चर्चा पुन्हा जोरात सुरू झाली. आपला वर्ग, दर्जा, अंगचे गुण काहीच माहीत नाही अशा अज्ञानाच्या पडद्याआड उभे राहून समाजाचे नियम ठरवा, ही त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. ह्यूमच्या आक्षेपाला ते उत्तर आहे : संमती कोणी खरोखर दिली का हे सोडा, समान परिस्थितीत कोणते नियम सर्वांनी मान्य केले असते ते पाहा. लगेच घेर फोडणारे आलेच. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये मालमत्तेच्या बाजूने हल्ला चढवला. सुझन ओकिन यांनी १९८९ मध्ये विचारले की, पडद्यामागे कुटुंबप्रमुखच बसवले तर कुटुंबातल्या अन्यायाचे काय? चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये प्रत्यक्षातला करार गोऱ्यांनी गोऱ्यांशी केला होता हे दाखवले. अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये म्हटले की, परिपूर्ण न्यायाचा आराखडा शोधत बसण्याऐवजी समोरचा अन्याय कमी कसा होईल याची तुलना करा. मला सेन यांची दिशा जवळची वाटते, पण रॉल्स नसते तर त्यांचा आक्षेपही इतका धारदार झाला नसता.

आज घेर पुन्हा ताणला जातो आहे. रेशन दुकानातल्या यंत्रावर राबणाऱ्या बाईचा अंगठा लागत नाही, धान्य नाकारले जाते. दुकानदार म्हणतो यंत्र घेत नाही, कार्यालय म्हणते प्रणाली तशी आहे. निर्णय झाला, पण कारण देणारा माणूसच समोर नाही. हॉब्जच्या सार्वभौमाला निदान एक चेहरा होता. तापणाऱ्या पृथ्वीवर जे अजून जन्मलेले नाहीत, त्यांच्या वतीने कोण विचारणार, हाही असाच उघडा प्रश्न आहे.

वाचायचे कसे, याबद्दल दोन पंथ आहेत. लिओ स्ट्राउस म्हणत की, प्रश्न सनातन आहेत, थोर ग्रंथाशी थेट भिडा. क्वेंटिन स्किनर यांनी १९६९ मध्ये बजावले की, लेखक त्या क्षणी कोणाशी भांडत होता हे कळल्याशिवाय त्याचे म्हणणे कळत नाही. मी सुरुवात स्किनर यांच्या बाजूने करायला सांगतो, पण तिथे थांबू नका. भांडण समजले की मग ते कारण आज आपल्याला पटते का, हे विचारायचेच.

सारांशाची पुस्तके काही दिवस बाजूला ठेवा. आधी क्रिटो वाचा, एका बैठकीत होते. मग शांतिपर्वाचा ५९ वा अध्याय. हॉब्जची तेरावे आणि एकविसावे ही दोनच प्रकरणे, त्यांच्या शेजारी ह्यूमचा मूळ करारावरचा निबंध. त्यानंतर ‘गुलामगिरी’ आणि ताराबाई. बाबासाहेबांचे १९३६ चे भाषण महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे आणि संविधान सभेतले तेराव्या खंडात. रॉल्स अगदी शेवटी घ्या. तो आधी घेतला की अज्ञानाचा पडदा ही परीक्षेतली पाच गुणांची टीप होऊन बसते. ह्यूम आणि बाबासाहेब वाचून झाल्यावर घेतला, तर त्याने कोणत्या अडचणीवर तोडगा काढला आणि जातीसारखी कोणती अडचण त्याच्या आराखड्यात पुरती मावत नाही, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.